नोव्हेंबरचं पान

गावच्या हॉलच्या कॅलेंडरसाठी चिठ्ठ्या टाकल्या,
मला नोव्हेंबर आला.
जून गेला बेथियाकडे. तिला काय,
घरामागच्या कड्यावर पफिन,
आणि पफिन म्हणजे जन्मजात नटवे,
चोचीत मासे धरून वळून वळून बघणारे.
मी म्हटलं, मी पाणमांजर देते.
म्हटलं आणि जीभ चावली.

येल बेटावर आम्ही तिला द्रात्सी म्हणतो.
पोस्टाची गाडी चालवायचे तेव्हा
एकदा तिच्यासाठी करकचून ब्रेक दाबला होता.
रस्त्याच्या मधोमध थांबून तिनं पाहिलं माझ्याकडे,
जणू तिचंच पत्र उशिरा आणलं मी.
तेव्हा कॅमेरा नव्हता.
आता आहे, तर ती हातावर तुरी देते.

ओहोटीच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या.
वारा तोंडावर घेऊन, शेवाळात पालथी,
पासष्टाव्या वर्षी रांगायला शिकले पुन्हा.
थर्मासचं झाकण वाजतं. नाक ओढलं की वाजतं.
गुडघा सरळ केला
की पलीकडच्या बेटावरचे बगळेसुद्धा उडतात.
आणि कॅमेऱ्याचं आपलं वेगळंच:
समोर लाटेत डोकं दिसतंय, मिशा दिसताहेत,
आणि हा भक्तिभावानं
गवताच्या एका काडीवर नजर लावून बसलेला.

सील मात्र रोज येतो.
छाती काढून, मान तिरकी करून, घे म्हणतो.
त्याचे एकशे बारा फोटो आहेत माझ्याकडे,
सगळे लख्ख. कुणाला हवेत?

भाच्याला, टॉर्क्विलला, दिसली ती
फेरीच्या धक्क्यावर, चिप्स खाता खाता.
एका हातानं फोनवर काढला,
खेकडा, पंजे, दात, सगळं.
मी विचारलं, कुठाय?
म्हणाला, मेमरी भरली होती, मावशी, पुसला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी
हरल्यासारखी बसले सगळं बघायला.
सहाशे चाळीस फोटो.
पाणी. पाण्यावरचं वर्तुळ, ती नुकतीच गेल्याचं.
शेपटीचं टोक, बहुधा; किंवा शेवाळ.
माझा अंगठा, फार सुंदर उजेडात.

मग लक्षात आलं की मागे, पलीकडच्या काठावर,
प्रत्येक फोटोत रॅस्मी आहे.
उलटी घातलेली त्याची होडी, आणि तो ब्रश घेऊन.
जुलैत होडी राखाडी आहे.
पुढच्या आठवड्यात निळा रंग गुडघ्याएवढा चढलेला.
मग पाऊस, होडीवर ताडपत्री, रॅस्मी तिच्याखाली, नुसते बूट.
मग निळं अर्ध्यावर, मग पूर्ण,
मग पांढरी रेघ, जराशी वाकडी.
आणि साधारण दोनशेव्या फोटोपासून
तो हात हलवतोय.
तीनशेच्या आसपास केस विंचरलेले.
ऑगस्टच्या शेवटी स्वेटर, तो चांगला, लग्नाबिग्नांतला,
आणि रंगाचा डबा बाजूला ठेवून
नुसताच उभा, सरळ, श्वास रोखून.

दीड महिना मी एकदाही हात केला नव्हता उलट.

सोमवारी गेले त्याच्याकडे, कॅमेरा न घेता,
म्हणजे घेतला होता, बॅटरी घरी चार्जिंगला.
सांगावं म्हटलं खरं काय ते. धीर झाला नाही.
त्यानं चहा ठेवला, विचारलं, "बरे आलेत का, ओस्ला?"
मी म्हटलं, "होडी छान आली आहे."

आणि त्याच्या दारातल्या उतारावर,
आमच्यापासून दोन हातांवर,
ती वर आली, निथळत.
दगडावर बसून ईल मासा डोक्याकडून खाल्ला
कुडुम कुडुम, डोळे मिटून,
अंग झटकलं, आमच्या चपलांवर थेंब,
आणि निघून गेली.
रॅस्मी म्हणाला, "ही? ही तर रोज येते.
तुला हवी होती होय?"

नोव्हेंबरच्या पानावर यंदा मेंढी आहे.
समितीनं कुणाकडून तरी मागून घेतली.
मी दिलेल्यातला एक त्यांना धूसर वाटला.
तो आता फ्रिजवर आहे, ओहोटीच्या वेळांच्या जागी:
पुढे गवताची काडी, अगदी स्पष्ट,
आणि मागे निळ्या ठिपक्याशेजारी कुणीतरी
हात वर केलेलं.